नळीची परीक्षा

कान्हे स्टेशनावर उतरून उत्तरेकडील वाट धरली आणि इंद्रायणीवरील पूल ओलांडला, म्हणजे टाकवे बुद्रुक लागतें. अंदर मावळाचें हें दारच होय. आज या दारांत एका अंगास कारखान्यांचीं पत्र्याचीं छपरें आणि दुसऱ्या अंगास भातखाचरें अशीं शेजारपणानें नांदत आहेत. गेल्या दसऱ्यास आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस तेथें आपल्या घरीं नेलें. निमित्त जेवणाचें, परंतु खरा हेतु निराळा होता. त्याच्या घरीं देवघराच्या खालच्या फळीवर, तांबड्या खारव्यांत गुंडाळलेली, एक लोखंडी नळी आहे. वर्षांतून एकदां ती बाहेर काढावी, तिला हळदकुंकू वाहावें, झेंडूची माळ घालावी आणि तिन्हीसांजेस पुनः गुंडाळून ठेवावी, असा त्या घरचा कुळाचार. दस्ता केव्हांच वाळवीनें खाल्ला. चाप, गज, रंजकावरील झांकण, यांपैकीं कांहीं उरलेलें नाहीं. नळी सुमारें तीन हात लांब आहे. घरांतील वृद्ध आजोबांचा सिद्धांत असा कीं, ही बंदूक वडगांवच्या लढाईंत इंग्रजांकडून मिळविलेली आहे. आणि नातवाचा प्रश्न असा कीं, हिला नवा दस्ता बसवून ती पुनः उडवितां येईल कीं नाहीं. दस्त्यासाठीं सागाचें एक फळकूटही त्यानें आणून ठेवलें होतें. दोघांनींही निकाल आमच्यावर सोंपविला. इतिहासाचा अध्यापक म्हणजे जुन्या लोखंडाचा जाणकार, ही जी समजूत लोकांत आहे, ती आम्हांस त्या दिवशीं मोडवेना.

आजोबांच्या सिद्धांतास भूगोल अनुकूल होता. राघोबादादांस बरोबर घेऊन १७७८ च्या नोव्हेंबरांत मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून याच मावळांत उतरली. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट, म्हणजे आमच्या लोकांचा इष्टुर फांकडा, पडला. फौज तळेगांवापर्यंत रेटली गेली, आणि दाणावैरण व मागचा रस्ता हीं दोन्ही हातचीं जाऊं लागल्यामुळें ११ जानेवारीच्या रात्रीं माघारी वळली. जातांना जड तोफा तिनें तळेगांवच्या तळ्यांत ढकलल्या. वडगांवापाशीं मराठ्यांनीं तिला चोहोंकडून धरली, आणि पुढल्या चार-पांच दिवसांतच प्रसिद्ध तह झाला. वडगांव टाकव्यापासून दोन-तीन कोसांवर. त्या रात्रीच्या पळापळींत कोणाच्या खांद्यावरून गळलेली एखादी बंदूक इंद्रायणी ओलांडून इकडे आली नसेल, असें कोण म्हणेल?

परंतु ती नळी स्वतःच तसें म्हणत होती. कंपनी विलायतेंत ज्या बंदुका करवून घेई, त्यांच्या चापाच्या पट्टीवर त्या काळीं तिचा हृदयाकृति छाप असे. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची गोष्ट ही कीं, नळीच्या बुडाशीं मुकुटाखालीं रोमन अक्षरें असलेले दोन लहान छाप ठोकलेले असत. एक सांगे कीं, ही नळी जाणत्या डोळ्यांनीं पाहिली आहे. दुसरा सांगे कीं, हींत जादा दारू ठासून ती एकदां उडविली आहे व ती टिकली आहे. टाकव्याच्या नळीचें बूड आम्हीं लिंबू आणि राख लावून घांसलें. छाप कोठेंच निघाला नाहीं. निघाल्या त्या तिरप्या रेषा, दोरखंडाच्या पिळाप्रमाणें नळीभोंवतीं फिरत गेलेल्या. विलायती लष्करी बंदुकीची नळी म्हणजे लांबीच्या अंगानें दुमडून सांधलेली पट्टी. ही तर पट्टी गजाभोंवतीं तिरपी गुंडाळून, तापवून, ठोकून एकजीव केलेली, अस्सल देशी घडणीची नळी होती. आजोबा खट्टू झाले. आम्हांस मात्र आनंद झाला. कारण इंग्रजाची बंदूक पळवून आणणें हा पराक्रम खरा, पण बंदूक घडविणें हा त्याहून दुर्मिळ पराक्रम आहे.

आतां छाप नाहीं याचा अर्थ काय? ठासणीच्या बंदुकीची रचना मनांत आणावी. एक लांब लोखंडी नळी. तिचें एक तोंड पेंच बसवून कायमचें बंद केलेलें. दुसऱ्या तोंडानें दारू, मग कापडाचा बोळा, मग गोळी अशीं गजानें ठासावयाचीं. आणि बंद तोंडाजवळच्या बारीक कानांतून आंत विस्तव पोंचवावयाचा. त्या कानापासून बार काढणाराचा गाल वीतभर अंतरावर असतो. दारू पेटली म्हणजे तिच्या वायूस गोळी आणि नळी यांतला भेद कळत नाहीं. जें आधीं हलेल तें हलवावें, इतकेंच त्यास ठाऊक. गोळी हलली तर समोरचा मरतो, नळी हलली तर आपण. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० साली रॉक्सबरोच्या वेढ्यांत आपल्याच तोफेशेजारीं कौतुकानें उभा राहिला, ती फुटली, आणि राजा जाग्यावर ठार झाला. राजांच्या मरणाची नोंद होते. शेताच्या बांधावर ज्याचा डोळा किंवा आंगठा गेला, त्याची कोणी करीत नाहीं.

या भयावर उपाय एकच, आणि तो बंदुकीइतकाच जुना: विकण्यापूर्वीं नळी खोड्यांत घट्ट जखडावी, नेहमींहून पुष्कळ जास्त दारू व जड गोळी घालावी, माणसांनीं भिंतीआड जावें आणि लांबून बत्ती द्यावी. फुटली तर लोखंड गेलें, माणूस राहिला. न फुटली तर ती धुऊन, आंतून-बाहेरून पाहून, कोठें फुगली, चिरली, पाझरली कीं काय याचा तपास करून मग छाप ठोकावा. लंडनच्या बंदूक करणारांच्या मंडळीस १६३७ सालच्या सनदेनें शहरांत व भोंवतालच्या दहा मैलांत अशी परीक्षा घेण्याचा अधिकार मिळाला. लिएजच्या राजधर्मगुरूनें १६७२ त तसाच हुकूम काढला. बर्मिंगहॅमचें परीक्षाघर १८१३ च्या कायद्यानें उभें राहिलें, आणि तें तेथल्या कारखानदारांच्याच मागणीवरून व त्यांच्याच खर्चानें. यांत परोपकार थोडा, व्यापार फार. बर्मिंगहॅमहून गुलामांच्या व्यापारासाठीं पश्चिम आफ्रिकेस जाणाऱ्या स्वस्त बंदुकांची, त्या धन्याच्याच हातांत फुटतात, अशी अपकीर्ति होती. आणि तो हात आफ्रिकेंतला आहे तोंवर बर्मिंगहॅमची झोंप मोडली नव्हती. वाईट नळीनें चांगल्या कारागिराचें नांव बुडूं लागलें, तेव्हां छाप आला. पण कसाही येवो, आला. आणि ज्याला लोखंडांतलें ओ कीं ठो कळत नाहीं, अशा गिऱ्हाइकासही बोटानें चांचपून पाहतां येईल अशी एक खूण त्यानें दिली.

आमच्या देशांत ही विद्या नव्हती, असें कोणी म्हणेल तर त्यानें अबुल फजलची ऐने अकबरी उघडावी. अकबराच्या कारखान्यांतील बंदुकांचें जें वर्णन तेथें आहे, तें वाचतांना हा ग्रंथकार भाट आहे हें क्षणभर विसरून जावयास होतें. पूर्वीं पट्टीच्या कडा नुसत्या एकमेकींस भिडवून नळ्या करीत व त्यांमुळें अपघात फार होत. पुढें पट्टी तिरपी वळवून पदरावर पदर चढवून सांधण्याची रीत निघाली, आणि नळी तोंडापर्यंत भरली तरी फुटेनाशी झाली, असें तो सांगतो. तोंडापर्यंत हा त्याचा अलंकार मानून सोडून दिला, तरी रीत तीच, जी आम्हांस टाकव्याच्या नळीवर दिसली. परीक्षेचा क्रमही तो देतो. ओबडधोबड नळी तयार झाली कीं तिचा तिसरा हिस्सा दारूनें भरून बार काढावयाचा. ती पाझरली अगर फाटली नाहीं तर बादशहापुढें न्यावयाची. मग तोंड नीट करून पुनः नेमाची परीक्षा. गोळी वांकडी जाऊं लागली तर नळी तापवून सरळ करावयाची. कच्च्या व घडीव लोखंडाचें वजन, लोखंड कोठलें, कारागीर कोण, घडण्याची जागा, तारीख, अनुक्रम, हें सर्व नळीवर कोरीत. उस्ताद कबीर व हुसेन हीं त्या वेळच्या नामांकित कारागिरांचीं नांवेंही त्यानें राखून ठेवलीं आहेत. लंडनच्या सनदेला अजून चाळीस वर्षें अवकाश होता.

मग उणें कोठें पडलें? आम्हांस वाटतें तें असें. लंडनचा छाप गिऱ्हाइकासाठीं होता, आग्र्याचा बादशहासाठीं. तिसरा हिस्सा दारू भरून उडविलेली नळी शिकारखान्यांत जाई आणि अकबर स्वतः तिनें निशाण मारी. आपला गाल ज्या नळीस लावावयाचा, तिची परीक्षा त्यानें डोळ्यांत तेल घालून घेतली यांत नवल तें काय? चितोडच्या वेढ्यांत १५६८ साली ज्या संग्राम नांवाच्या बंदुकीनें त्यानें जयमल्लास टिपलें, ती अशाच कसोटीतून उतरलेली. परंतु बाजारांत दहा-पांच रुपयांस मिळणाऱ्या बंदुकीचा गाल कोणाचा? त्या गालाचा वाली दिल्लींत नव्हता, आग्र्यांत नव्हता आणि, खेदानें म्हणावें लागतें, पुण्यांतही नव्हता. कारखाना राजाचा, राजा गेला कीं कसोटी गेली. राजा आणि कारागीर या दोघांहून निराळें, दोघांसही नळी परत करूं शकेल असें परीक्षाघर आमच्याकडे उभें राहिलें नाहीं.

यामुळें एक चमत्कारिक गोष्ट घडली. आमच्या बंदुकांची गाजलेली परीक्षा घेतली ती शत्रूनें. बंगालचा नबाब मीर कासीम यानें १७६० नंतर मोंगीर येथें आर्मेनियन सरदार गुर्गीनखान याच्या देखरेखीखालीं बंदुकांचा कारखाना घातला. त्या बंदुका इंग्रजांच्या हातीं पडल्यावर कंपनीच्या अंमलदारांनीं त्या व लंडनच्या टॉवरमधील कसोटीस उतरलेल्या उत्तम बंदुका शेजारींशेजारीं ठेवून उडवून पाहिल्या, आणि मोंगीरची नळी धातूनें सरस, मोंगीरच्या चापांतील राजमहालची गार विलायती गारेहून सरस, असा निवाडा दिला. सियर-उल-मुताखरीनच्या इंग्रजी भाषांतरकारानें ही हकीकत टीपेंत नमूद केली आहे. निवाडा ऐकावयास मीर कासीम मोंगिरांत नव्हता. उधवा नाल्याची लढाई १७६३ त आणि बक्सारची १७६४ त होऊन तो देशोधडीस लागला होता.

आमचीही कथा याहून निराळी नाहीं. शिवछत्रपतींनीं फ्रेंचांकडून ऐंशी तोफा व बंदुकींपुरतें शिसें घेतल्याचें ऑर्म लिहितो. माधवरावांच्या कारकीर्दींत ओतुराजवळ आंबेगव्हाणास तोफांच्या गोळ्यांचा कारखाना निघाला. महादजी शिंद्यांनीं तर आग्र्यास सँग्स्टर नांवाच्या स्कॉच माणसाकडून तोफा ओतविल्या व सुमारें दहा रुपयांस एक याप्रमाणें बंदुका करविल्या. त्या मालाची परीक्षा झाली १८०३ साली. असईस वेलस्लीच्या हातीं शिंद्यांच्या शंभराच्या घरांत तोफा आल्या आणि कंपनीच्या कामास लावण्याजोग्या ठरल्या. त्याच महिन्यांत दिल्लीच्या लढाईंत लेकनें घेतलेल्या तोफांत मथुरेस व उज्जयिनीस ओतलेल्या पितळी तोफा होत्या. त्यांचें काम कंपनीच्या कोणत्याही तोफखान्याच्या तोडीचें आहे, असें थॉर्न या इंग्रज लष्करी लेखकानें लिहून ठेवलें. त्यांतल्या कांहींस आंतून लोखंडाची नळी व वरून पितळेचा ओतीव पदर अशी युक्ति केलेली होती: झिजणें लोखंडाकडे, ताणणें पितळेकडे. हीं प्रशस्तिपत्रें उत्तम आहेत. फक्त तीं हरलेल्याच्या हातीं पडलीं नाहींत.

येथें एक कोडें उरतें. तरवार मावळ्याची व बंदूक हेटकऱ्याची, अशी वांटणी ग्रँट डफ सांगतो; हेटकरी म्हणजे कोंकणांतले अचूक नेमबाज. मग मावळांतल्या देवघरांत ही नळी कशी? टाकव्याहून वर गेलें कीं कुसूरचा घाट लागतो व तो कोंकणांत उतरतो. त्या वाटेनें मीठ वर चढे, तांदूळ खालीं जाई, तशी एखादी बंदूकही आली असावी. आजोबांस हा तर्क वडगांवाइतका रुचला नाहीं. आम्ही आग्रह धरला नाहीं.

नातवाच्या प्रश्नाकडे आम्ही वळलों तें नळीवरून बोट फिरवितांना. बुडापासून वीतभर वर आमचें बोट अडलें. सापानें उंदीर गिळावा तसा तेथें नळीस सभोंवार फुगीर वेढा होता. आजोबा म्हणाले, “मास्तर, ती देवीची खूण. आमच्या पणज्यानं रानडुकरावर बार काढला. आवाज असा झाला कीं त्याचा उजवा कान जन्माचा गेला. पण नळी फुटली न्हाई. तवापासनं ती देव्हाऱ्यांत.”

या खुणेचा अर्थ ठासणीच्या बंदुकीच्या जाणकारास तत्काळ लागतो. गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे. गज अर्धवट ठोकला, किंवा खांद्यावर उलटी धरून चालतांना गोळी पुढें सरकली, तर दारू आणि गोळी यांमध्यें पोकळी राहते. पेटलेला वायु त्या पोकळींत धांव घेऊन गोळीवर आदळतो, आणि नेमका त्या जागीं नळीचा घेर फुगतो. लोखंड ठिसूळ असलें तर फाटतें. चिवट असलें तर फुगून राहतें. आणखी एक कारण पावसाळी मावळांत नेहमींचें. सर्दावलेली दारू मंद जळते, म्हणून माणूस मूठभर जास्त घालतो. दुसऱ्या दिवशीं ऊन पडून दारू सुकते आणि मूठ मात्र कालचीच राहते. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत किल्ल्यावरील दारूखाना घरांपासून दूर बांधावा व आठ-पंधरा दिवसांनीं दारू बाहेर काढून तिला ऊन दाखवावें, असें जें बजाविलें आहे, त्याचें मर्म ज्याच्या घरांत अशी फुगलेली नळी आहे त्यास अधिक कळेल. पणजोबांच्या कानाचा मोबदला म्हणून एवढेंच सिद्ध झालें कीं, ज्या अनामिक लोहारानें ती पट्टी वळविली, त्याचा हात सच्चा होता. जी परीक्षा त्यानें खोड्यांत बांधून घ्यावयाची, ती दुसऱ्याच्या खांद्यावर झाली.

“मग, सर, झाली ना परीक्षा!” नातू म्हणाला. “हवं तर आंब्याला बांधून आणखी एकदां दुप्पट दारू घालून बघूं. टिकली तर टिकली.”

हाच तो मोह. परीक्षेस उतरलेली नळी निर्भय, असें मानणारांत मोठमोठे लोक होऊन गेले आहेत. अमेरिकेच्या प्रिन्स्टन नांवाच्या युद्धनौकेवर घडीव लोखंडाची एक प्रचंड तोफ बसविली होती. तिचें नांव, योगायोगानें, शांतिकर्ता. ती थोडेच वेळां उडवून पाहून चांगली ठरविली गेली. २८ फेब्रुवारी १८४४ रोजीं राष्ट्राध्यक्षांसह बडे लोक नौकेवर असतां तिचे कांहीं बार बिनधोक झाले. पुढल्या एका बारास ती बुडाशीं फुटून परराष्ट्रमंत्री अपशर व आरमारमंत्री गिल्मर यांच्यासह सहा जण मेले. ज्या बारानें तोफ चांगली ठरते, तोच बार तिच्या पोटांत बारीक चीर पाडून जाऊं शकतो, आणि ती चीर पुढच्या बारापर्यंत गप्प बसते. म्हणून विलायतेंत एका परीक्षेवर भागत नसे: ओबडधोबड नळीची एक, बुडाचा पेंच व कान तयार झाल्यावर दुसरी, आणि नळी कापली, कातली, बदलली कीं जुना छाप रद्द होऊन पुनः नवी. रायफलची, म्हणजे आंतून पिळाच्या खांचा असलेल्या नळीची, कसोटी तर याहून कडक हवी. कारण खांचांत घट्ट बसलेली जड गोळी जागची हलावयास जास्त जोर मागते. १८५७ त जिच्या काडतुसांवरून भडका उडाला, ती एन्फील्ड अशीच ठासणीची रायफल होती.

आमच्या शिष्यास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, फुगलेल्या नळीचें लोखंड एकदां ताणलें गेलें तें गेलें. त्यावर दीड शतकाचा गंज. आंत कुंभारीण माशीनें घर केलें असेल तर त्याचा निराळाच बोळा. आणि आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू कोणी अजाणतेपणीं घातली, तर जुन्या काळ्या दारूसाठीं घडलेली अशी नळी पहिल्याच बारास चिंध्या होऊन जाईल. शिवाय कायदा आहे. लिटनशाहीच्या १८७८ च्या कायद्यानें हिंदी माणसाच्या हातांतील हत्यार परवान्याखालीं घातलें, तें आम्हांस अपमानास्पद वाटलें आणि वाटावें हेंच योग्य. परंतु स्वराज्यांतील १९५९ च्या कायद्याचें पांचवें कलम वाचून पाहावें. बंदूक करणें, दुरुस्त करणें यांच्याच ओळींत तिची परीक्षा घेण्यासही तें परवाना मागतें. दुरुस्तीनेंही उडवितां न येणारें जुनें हत्यार तोच कायदा सोडून देतो. तेव्हां नळी फळीवर आहे तोंवर ती पूर्वजांची ठेव. आंब्यास बांधली कीं अपराध. पीक राखण्यासाठीं ज्यास बंदूक हवी त्यानें परवाना काढावा व छापाची नळी घ्यावी. बंगालमध्यें ईशापूरच्या रायफलच्या कारखान्यांत परीक्षेची सोय आहे. मुकुट जाऊन त्या जागीं दुसरी खूण आली असेल, पण बोटानें चांचपण्याची जागा तीच, बुडाशीं.

नातू हिरमुसला. आजोबांनीं मात्र नळी मांडीवर घेतली, फुगवट्यावरून आंगठा फिरविला आणि विचारलें, “मास्तर, ज्यानं घडवली त्याचं नांव कुठं लिव्हलंय का हो?” आम्हीं भिंग लावून बूड, कान, तोंड, सर्व पुनः पाहिलें. नांव नव्हतें. घांसतांना गेलेलें कुंकू त्यांनीं पुनः लावलें, खारवा गुंडाळला आणि नळी फळीवर गेली. सागाचें तें फळकूट पुढें म्हशीच्या गोठ्याच्या दारास लागलें, असें त्यानें परवां वर्ग सुटल्यावर सांगितलें.